हवा भरणं सोपं, पचवणं अवघड: लहान स्पोर्ट्स कारला टर्बो बसवताना

टर्बोचार्जर पहिल्यांदा हातात घेतला की फसगत होते. दोन मुठींएवढा, गोगलगायीच्या दोन शंखांना पाठीला पाठ लावून चिकटवल्यासारखा दिसणारा लोखंड-अॅल्युमिनियमचा गोळा. मध्ये बोटाहून बारीक दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं. वाटतं, एवढंच? एक्झॉस्टच्या वाटेत हा बसवायचा, चार पाइप जोडायचे आणि ११६ हॉर्सपॉवरची गाडी १६० ची करायची.

जोडकाम खरंच फार मोठं नाही. घोळ वेगळाच आहे. टर्बो इंजिनाला जास्तीची हवा देतो आणि तिथे त्याचं काम संपतं. त्या हवेमुळे इंजिनात जे जे बिघडतं ते निस्तरायची जबाबदारी आपली. कंपनीतून टर्बोसकट आलेल्या इंजिनात हे निस्तरण आधीच झालेलं असतं. आपण मात्र टर्बो कधी स्वप्नातही न पाहिलेल्या इंजिनाच्या गळ्यात तो बांधत असतो.

उदाहरण म्हणून एकच गाडी धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. १९८९ मध्ये आलेली मझ्दा एमएक्स-५. पुढे १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन हजार किलोच्या आत, ६५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६५०० फेऱ्यांना, ११६ हॉर्सपॉवर. चालवायला लाघवी, पण सरळ रस्त्यावर पिकअपच्या नावाने थोडी बोंब. त्यामुळे नंतर टर्बो बसवण्याचे जगभर सर्वाधिक प्रयोग सहन केलेल्या लहान गाड्यांत ही नक्कीच मोडते.

इंजिन नेमकं खातं काय?

पेट्रोल, असं उत्तर येतं. अर्धं बरोबर. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, साधा पंप ते करतो. तुटवडा असतो हवेचा.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ६५०० आरपीएमला मिनिटाला ३२५० श्वास. प्रत्येक वेळी १.६ लिटर धरले तर ५२०० लिटर हवा. पण सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाही. फिल्टर, थ्रॉटल, व्हॉल्व्हची अरुंद वाट यांत थोडी गळते आणि वरच्या वेगाला साधारण ८५ टक्के भरतो. म्हणजे सुमारे ४४०० लिटर, वजनात ५.३ किलो हवा, दर मिनिटाला. तेवढी हवा जाळायला ४०० ग्रॅमच्या वर पेट्रोल लागतं आणि त्यातून ११६ हॉर्सपॉवर निघते.

जास्त ताकद हवी तर जास्त किलो हवा आत गेली पाहिजे. तीन वाटा आहेत: इंजिन मोठं करा, वेगाने फिरवा, किंवा हवा दाबून कोंबा. लोहाराचा भाता तिसऱ्या वाटेने जातो, टर्बोही.

हा भाता कोण चालवतं? वाया जाणारा धूर. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळ एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगातून उडतो, आणि उरलेला तापलेल्या धुराबरोबर बाहेर. त्या धुरावर चक्की फिरवायची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली आणि १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. धूर एका चाकावर आदळतो, ते टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं चाक, ते ताजी हवा ओढून दाबतं. लहान टर्बोत हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पाच सेंटिमीटरचं चाक दीड लाख आरपीएमने फिरलं तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ४०० मीटर होतो, ध्वनीहून जास्त. आणि हे सगळं तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत चाललेलं असतं. तेलाकडे नंतर येऊ, कारण बहुतेक टर्बो तिथेच मरतात.

टर्बोच्या जाहिरातीत येणारा ‘फुकटची ताकद’ हा शब्द मात्र मला खटकतो. आपल्या उदाहरणात कॉम्प्रेसरला हवा दाबायला साडेसहा किलोवॉट, म्हणजे नऊएक हॉर्सपॉवर लागतात. ती टर्बाइन धुरातून काढतं, पण त्यासाठी धुराच्या वाटेत आडवं उभं राहतं. पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. सौदा फायद्याचाच आहे, फुकट नाही.

दाब वाढला म्हणजे हवा वाढली, असं नाही

समुद्रसपाटीला आपल्या डोक्यावर साधारण १ बार, म्हणजे १४.७ पीएसआय दाब असतो. मूळ इंजिनावर बसवलेला टर्बो बहुतेक जण ७ पीएसआयच्या आसपास ठेवतात, त्याला ‘बूस्ट’ म्हणतात. मूळ दाबाच्या वर आणखी जवळजवळ अर्धा बार. दाब दीडपट, तर ताकदही दीडपट?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं नळकांडं चटका देतं, ते आठवा. हवा दाबली की तापते. २५ अंशांची हवा दीडपट दाबली तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही तिचं तापमान ३७ अंशांनी वाढतं. खरा कॉम्प्रेसर आदर्श नसतो, त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर वाढ ५० अंशांच्या वर जाते. म्हणजे इंजिनाकडे निघालेली हवा ७५ अंशांच्या पुढे. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाब दीडपट होऊनही हवेचं वजन सव्वापटीच्या थोडंच वर जातं.

म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. रेडिएटरचाच भाऊ, फक्त नळ्यांतून पाण्याऐवजी दाबलेली हवा जाते. तिचं तापमान चाळिशीपर्यंत आणलं की वजन १.४ पटीपर्यंत पोचतं. ११६ ला १.४ ने गुणलं की १६० च्या आसपास आकडा येतो. पहिल्या परिच्छेदातला १६० इथून आला होता.

इंटरकूलर ही चैन आहे, ७ पीएसआयला चालतं त्याच्याशिवाय, असं सांगणारे भेटतील. चालतं, खरं आहे. पण ती ३५ अंशांची बचत फक्त वजन वाढवत नाही. ती इंजिन फुटण्यापासून किती अंतरावर आहे ते ठरवते.

टकटक

या लेखातला एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

स्पार्क प्लगची ठिणगी पडते तेव्हा सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही, आपण बोलताना तसं म्हणतो तरी. प्लगपाशी ज्योत पेटते आणि गवताला लागलेल्या आगीसारखी पण अतिवेगाने भिंतींकडे सरकते. ज्योत पुढे सरकताना मागे जळालेला वायू फुगतो आणि पुढचं न जळालेलं मिश्रण कोपऱ्यात दाबत नेतो. कोपऱ्यातलं हे मिश्रण दाबाने तापत जातं. ज्योत वेळेवर पोचली तर ते गुमान जळतं. नाही पोचली, तर ते ठिणगीची वाट न बघता सगळंच्या सगळं एका क्षणात स्वतःहून पेटतं. त्या धक्क्याने सिलिंडरमधला वायू घंटेसारखा वाजू लागतो, एवढ्या लहान सिलिंडरमध्ये सेकंदाला सहा-सात हजार कंपनांनी. बाहेर आपल्याला ऐकू येते ती डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक. हेच नॉकिंग.

आवाज हा त्यातला निरुपद्रवी भाग. पिस्टनच्या माथ्याला गरम वायूचा एक पातळ, संथ थर चिकटून असतो आणि तोच अॅल्युमिनियमला ज्वाळेपासून वाचवतो. नॉकिंगच्या लाटा हा थर खरवडून काढतात. मग पिस्टनच्या कडेला वाळूच्या कागदाने घासल्यासारखे खड्डे पडतात, रिंगांमधल्या खाचांच्या भिंती तुटतात, हेड गॅस्केट जातं. कमी वेगाला हलकी टकटक इंजिन वर्षानुवर्षं सोसतं. पूर्ण बूस्टमध्ये काही सेकंदही पुरतात. आणि एक्झॉस्टचा आवाज मोठा असेल तर कानाला पत्ताही लागत नाही.

टर्बो नॉकिंगला सगळ्या बाजूंनी आमंत्रण देतो. आत येणारी हवा आधीच दाबलेली, आधीच तापलेली. त्यात आपल्या एमएक्स-५ च्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, ९.४, कारण ते टर्बोशिवाय चालायला बनवलेलं. याच घराण्यातलं १.६ लिटरचं टर्बो इंजिन मझ्दाने ३२३ मध्ये दिलं तेव्हा रेशो ७.९ वर आणला होता. कंपनीने पिस्टन बदलून जी जागा मोकळी केली, ती आपल्याला दुसरीकडून काढावी लागते: जास्त ऑक्टेनचं (सहजासहजी स्वतःहून न पेटणारं) पेट्रोल, गार हवा, मिश्रणात थोडं जास्त पेट्रोल, आणि उशिरा टाकलेली ठिणगी.

ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच टाकलेली असते, कारण ज्योतीला पसरायला वेळ लागतो. ती थोडी उशिरा टाकली की सर्वाधिक दाब पिस्टन खाली निघाल्यावर, जागा वाढत असताना येतो, आणि कोपऱ्यातलं मिश्रण वाचतं. जुन्या हातांचा ठोकताळा असा की बूस्टच्या दर पीएसआयमागे ठिणगी साधारण एक अंश मागे घ्या आणि तिथून पुढे मोजत चला. सुरुवातीला ठीक आहे, शेवट म्हणून नाही. ठिणगी मागे नेली की ताकद कमी होते आणि जळणं लांबून एक्झॉस्ट आणखी तापतो, म्हणजे तिकडे टर्बो आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा पाइपांचा जुडगा) भाजतात. प्रत्येक उपायाची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी पार्टला मोजावी लागते.

मोठ्या कंपन्यांनीही हे ठेच लागूनच शिकलंय. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली आणि कॉम्प्रेशन रेशो ठेवला १०.२५. नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली, त्याची वेगळी टाकी दिली. टाकी रिकामी झाली तर बूस्ट आपोआप कमी व्हायचा. कल्पना हुशार होती, पण लोक टाकी भरायला विसरायचे. शेवटी १९६५ मध्ये कंपनीनेच ग्राहकांना बोलावून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची मोहीम काढली. मालकाच्या आठवणीवर इंजिनाचा जीव टांगणारी कुठलीही योजना मला म्हणूनच आवडत नाही.

पेट्रोलचा हिशेब आणि अडाणी कॉम्प्युटर

१.४ पट हवा आली तर १.४ पट पेट्रोल हवं. प्रत्यक्षात थोडं जास्तच. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, पण बूस्टमध्ये आपण हवेचं प्रमाण साडेअकरा-बारावर आणतो. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, वाफ होताना सिलिंडर गार ठेवतं. एकूण पेट्रोल जवळजवळ दीडपट.

आता घड्याळ लावा. ६५०० आरपीएमला दोन फेऱ्यांना साडेअठरा मिलिसेकंद लागतात. पेट्रोल फवारणाऱ्या तोटीला, म्हणजे इंजेक्टरला, आपलं सगळं पेट्रोल याच वेळात सोडायचं असतं. मूळ इंजेक्टर पूर्ण ताकदीला त्यातले बारा-तेरा मिलिसेकंद उघडे असतात असं धरा. दीडपट म्हणजे अठरा-एकोणीस. वेळच संपला. इंजेक्टर सतत उघडा राहूनही पेट्रोल कमी पडणार, मिश्रण पातळ होणार, आणि पातळ मिश्रण बूस्टमध्ये म्हणजे वर लिहिलेली टकटक. मोठे इंजेक्टर आणि बहुधा मोठा पंप इथे पर्यायी नाहीत.

मोठे इंजेक्टर लावले की गाडीचा कॉम्प्युटर गोंधळतो. त्याच्या तक्त्यांत बूस्ट नावाचा रकानाच नाही. पहिल्या एमएक्स-५ मध्ये हवा मोजायला एक झुलती पट्टी आहे, हवेच्या ओघाने ती उघडते. मूळ इंजिनाच्या पूर्ण श्वासाला ती बहुतेक उघडलेलीच असते, त्याच्या दीडपट हवा आली तर कॉम्प्युटरला कळणार कसं? एक्झॉस्टमधला मूळ ऑक्सिजन सेन्सरही इथे कामाचा नाही. मिश्रण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच तो सांगतो. साडेअकरा आहे की तेरा, हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही.

पूर्वी यावर एक जुगाड चालायचा. बूस्ट वाढला की पेट्रोल लाइनचा दाब त्याहून कितीतरी वाढवणारा रेग्युलेटर लावायचा, म्हणजे तेच इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल सोडतात. ५ पीएसआयपर्यंत अनेक गाड्या यावर चालल्या, नाकारता येत नाही. पण ठिणगीचं काय, ते या जुगाडाला ठाऊक नसतं, आणि पंप म्हातारा झाला की वरच्या टोकाला दाब गुपचूप पडतो. आज मी तो कुणाला सुचवणार नाही.

पर्याय दोन. मूळ कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलता येत असेल तर ते बदला. किंवा स्वतंत्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा वेगळा कॉम्प्युटर बसवा, इनटेकमधला प्रत्यक्ष दाब आणि हवेचं तापमान मोजणारा, ज्यात पेट्रोल आणि ठिणगीचे तक्ते आपण भरू शकतो. सोबत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, जो मिश्रणाचा खरा आकडा देतो. खर्चाला कात्री लावायची वेळ आली तर चमकदार पाइप, महागडा फिल्टर, बूस्टचं शोभेचं मीटर हे सगळं सोडा. ईसीयू, वाइडबँड आणि ट्यूनिंग करणारा जाणता माणूस यांवर कात्री चालवू नका. लोक नेमकं उलटं करतात.

ताकद नव्हे, टॉर्क रॉड वाकवतो

‘हे इंजिन किती हॉर्सपॉवर सोसेल?’ हा प्रश्न सगळे विचारतात. प्रश्नच जरा चुकलेला आहे.

कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर, दोन प्रकारचे जोर येतात. एक, जळत्या वायूचा खाली दाबणारा. आपल्या पिस्टनचा व्यास ७८ मिलिमीटर, माथ्याचं क्षेत्रफळ ४८ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. सिलिंडरमध्ये ६० बारचा दाब आला तर रॉडवर जवळजवळ तीन टनांचा भार येतो. बूस्टमध्ये दाब ८५ बार झाला तर चार टनांच्या वर. दुसरा जोर पिस्टनच्या स्वतःच्या वजनाचा. ७००० आरपीएमला वरच्या टोकाशी थांबून उलट फिरताना या इंजिनाच्या पिस्टनला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीन हजार पट त्वरण मिळतं. अर्ध्या किलोचा गोळा धरला तर दीड टनांची ओढ, रॉडला वर ताणणारी.

गंमत अशी की ज्वलनाच्या वेळी हे दोन जोर एकमेकांविरुद्ध असतात. वरच्या आरपीएमला वायू खाली दाबतो आणि पिस्टनची गती वर ओढते, त्यामुळे रॉडवरचा दाब हलका होतो. तीन हजार आरपीएमला ही ओढ फार कमी असते आणि वायूचा पूर्ण भार रॉडवर पडतो. म्हणून लहान टर्बो लावून तीन हजारालाच सगळा बूस्ट धाडकन दिला, की रॉड वाकायचा धोका सर्वांत जास्त. तीच १६० हॉर्सपॉवर साडेसहा हजाराला हळूहळू चढत आली तर तेच रॉड निमूट काम करतात. रॉडला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर कळतो, डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचा वरचा आकडा कळत नाही.

यातूनच टर्बोच्या मापाचा प्रश्न येतो. लहान टर्बाइन लवकर वेग घेतं, पण वरच्या आरपीएमला धुराची वाट अडवतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतं. मोठं टर्बाइन वर मोकळं, खाली सुस्त. दोन गोष्टी इथे लोक एकच समजतात. बूस्ट सुरू व्हायला लागणारा किमान आरपीएम ही एक गोष्ट, त्याच्या खाली कितीही पेडल दाबा, पुरेसा धूरच नसतो. आणि त्या आरपीएमच्या वर असताना पेडल दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा विलंब ही दुसरी, तिचं नाव टर्बो लॅग. दोन हजारावर पाचव्या गिअरमध्ये पेडल दाबून ‘फार लॅग आहे’ म्हणणाऱ्याला गिअर खाली टाकायला सांगा.

बूस्ट किती वाढू द्यायचा ते वेस्टगेट ठरवतो. हे धुराच्या वाटेतलं एक स्प्रिंगवर बंद असलेलं दार. ठरलेला बूस्ट आला की दार उघडतं आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. दार किंवा पुढचा पाइप लहान पडला तर ते पूर्ण उघडं असूनही वरच्या आरपीएमला बूस्ट चढतच राहतो, ७ चा ९, ९ चा ११. मोकळा एक्झॉस्ट लावल्यावर हे हमखास दिसतं, कारण मागची अडवणूक गेलेली असते.

गिअर बदलताना जो ‘फुस्स’ आवाज येतो तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा. थ्रॉटल मिटल्यावर कोंडलेली हवा तो सोडतो, नाहीतर ती उलटी कॉम्प्रेसरच्या चाकावर आदळते. ज्यांच्या गाडीत हवा मोजणारं यंत्र टर्बोच्या आधी आहे, त्यांनी ही हवा बाहेर न सोडता परत आत वळवावी. मोजलेली हवा बाहेर गेली तर तिच्या वाटचं पेट्रोल मात्र पडतंच आणि गाडी काळा धूर ओकते. आवाज थोडा कमी येईल, चालेल.

जिथे बिचारे टर्बो खरोखर मरतात

टर्बो निवडायला कॉम्प्रेसरचे आलेख पाहत रात्री जागवलेल्या माणसाचा टर्बो बहुतेक वेळा एका तेलाच्या पाइपमुळे जातो.

टर्बोला तेल दाबाने मिळतं, पण परत जातं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने. बेअरिंगमधून बाहेर पडणारं तेल हवेने फेसाळलेलं असतं, त्याला परतीचा पाइप जाड, उतरता आणि बाक नसलेला लागतो, आणि तो ऑइल पॅनमध्ये तेलाच्या पातळीच्या वर शिरला पाहिजे. पाइप कुठे आडवा झाला किंवा तेलाखाली बुडाला की तेल टर्बोत तुंबतं, सील ओलांडतं आणि मागून निळा धूर निघतो. लोक म्हणतात टर्बो खराब निघाला. नवा आणतात, तोही धूर काढतो. ऑइल पॅनला त्या जाड पाइपसाठी भोक पाडायचं काम पॅन उतरवून करा. जागेवरच ड्रिल चालवून धातूचा चुरा आत सोडायचा नाही.

उष्णता ही दुसरी. पूर्ण भारात पेट्रोल इंजिनाचा धूर ८५० ते ९५० अंशांना जातो आणि मॅनिफोल्ड लाल होतं. मॅनिफोल्ड तापून फुगतं, गार होऊन आकसतं, आणि प्रत्येक फेरीत नट थोडे सैल होतात. साधे स्प्रिंग वॉशर तिथे आपला ताव घालवून बसतात. उष्णता सोसणारे स्टड आणि कुलूपपट्टीचे वॉशर लागतात. शेजारची ब्रेक लाइन, वायरी, क्लचचा पाइप यांना पत्र्याचा आडोसा हवा. जोरात चालवल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. टर्बोत थांबलेलं तेल भाजून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी तोच कोळसा बेअरिंगला घासतो. पाण्याने गार होणाऱ्या टर्बोत ही भीती कमी, तरी शेवटचा किलोमीटर हळू आणायला काही लागत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर. दाटलेल्या हवेत ठिणगीला उडी मारणं अवघड जातं, म्हणून प्लगची फट १.१ मिलिमीटरवरून ०.८ च्या आसपास आणतात आणि प्लग एक पायरी थंड, म्हणजे स्वतःची उष्णता लवकर सोडणारा घेतात. मूळ क्लच मूळ टॉर्कच्या मापाचा असतो, तो घसरायला लागला की बदला. इंटरकूलर रेडिएटरच्या तोंडापुढे बसतो आणि रेडिएटरला आता जास्त उष्णता काढायची आहे, त्यामुळे जुना, गाळ भरलेला रेडिएटर राहू देऊ नका. ब्रेक तपासा. अनेक देशांत असा बदल नोंदवावा लागतो, प्रदूषणाची चाचणी द्यावी लागते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. हे पाना हातात घ्यायच्या आधी विचारून घ्या.

आणि त्याही आधी, इंजिनाची तब्येत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि गळती मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर टर्बोचे पैसे इंजिनावर घाला. थकलेल्या इंजिनाला टर्बो तरतरी देत नाही, लवकर सुटका देतो.

कंपनीनेच हे काम केलं तेव्हा काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. २००४ मध्ये मझ्दाने मझ्दास्पीड एमएक्स-५ काढली, १.८ लिटर आणि टर्बो. आकडा होता १७८ हॉर्सपॉवर, साध्या गाडीहून जेमतेम ३६ जास्त. त्यासाठी इंटरकूलर आला, क्लच आणि चाकांपर्यंत ताकद नेणारे दांडे मजबूत केले, सस्पेन्शन बदललं. ३६ हॉर्सपॉवरसाठी एवढा खटाटोप करणारे अभियंते भित्रे नव्हते, त्यांना वॉरंटी द्यायची होती.

सगळं जोडून झालं की पहिल्यांदा चावी फिरवताना इंजेक्टर आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवा, आणि तेलाचा दाब दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला कोरडं फिरावं लागणार नाही. मग सुरू करून गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा: तेल कुठून पाझरतंय, पाणी कुठून, धूर कुठल्या जोडातून फुसफुसतोय. पहिले काही दिवस बूस्ट वेस्टगेटच्या स्प्रिंगवरच, त्याच्या वर एक पीएसआयही नाही. रहदारीला बंद असलेल्या मोकळ्या जागेत किंवा डायनोवर तिसऱ्या गिअरमध्ये एकच खेच, पाच हजारापर्यंत. थांबा, ईसीयूने नोंदवलेला लॉग उघडा, बूस्ट कुठे गेला आणि मिश्रण बाराच्या वर सरकलं का ते पाहा. सरकलं असेल तर पेडलवरून पाय काढा आणि तक्ता दुरुस्त करा. नसेल तर आणखी पाचशे आरपीएम. मग गाडी पूर्ण गार होऊ द्या आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा एकदा आवळा. त्यातला निदान एक तरी अर्धा फेरा घेईल.